मलबारच्या उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं बघायचंय? आंबोलीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी आंबोलीत तीन रात्री ओढ्याकाठी, झाडाझुडपांत भिजत फिरले आणि मलबारचा उडता बेडूक काही दिसला नाही. पायाला जळवा लागल्या, बुटात पाणी गेलं, कॅमेऱ्याची लेन्स आतून धुरकट झाली. चौथ्या दिवशी सकाळी निघायच्या गडबडीत ज्या घरी उतरले होते तिथल्या मोरीमागे हात धुवायला गेले. मागे सिमेंटची टाकी, तिच्यावर वाकलेली पेरूची फांदी आणि फांदीच्या टोकाला पानांत गुंडाळलेला मूठभर पांढरा फेस. मी बघतच राहिले तशी घरच्या काकू म्हणाल्या, "ता काय बघतंस? तो बेडकाचो फेस. दर पावसात करतत."

तीन रात्री मी ज्याच्यासाठी रान पालथं घातलं, तो माझ्या खोलीपासून वीस पावलांवर संसार मांडून बसला होता. तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच सांगते: बेडूक शोधू नका, पाणी शोधा. खाली लिहिलंय ते सगळं या एका वाक्याचाच विस्तार आहे.

आधी प्राण्याची ओळख. शास्त्रीय नाव ऱ्हाकोफोरस मलबारिकस. थॉमस जेर्डनने १८७० मध्ये त्याचं वर्णन केलं. हा फक्त पश्चिम घाटात सापडतो. मादी जवळपास १० सेंटिमीटर लांब, नर तिच्याहून लहान. पाठ पोपटी हिरवी, पोट पिवळसर आणि हातापायांच्या बोटांमधले पडदे लालभडक-नारिंगी. नावात 'उडता' असलं तरी तो पाखरासारखा उडत नाही. उंच फांदीवरून झेप घेतो, चारही पंजे फाकवतो आणि पडद्यांच्या आधारावर तिरका तरंगत खाली येतो. अशी ९ ते १२ मीटरपर्यंतची झेप नोंदलेली आहे. ती झेप बघायला मिळेल या आशेने मात्र जाऊ नका. मी सहा पावसाळे जातेय, पुरती झेप एकदाच पाहिली, आणि तीही पाहिली म्हणेपर्यंत संपली होती. घरटं मात्र नीट गेलात तर बहुतेक दिसतंच.

१. तारीख ठरवताना

वर्षातले बरेच महिने हा बेडूक उंच झाडांच्या शेंड्यांत असतो आणि आपल्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. पावसाळ्यात विणीसाठी तो पाण्याजवळ खाली उतरतो, तीच आपली संधी. जून ते सप्टेंबर हा काळ धरला तरी मी आर्द्रा ते पुष्य, म्हणजे जूनचा शेवट आणि जुलै, एवढाच धरते. मृगाच्या पहिल्या सरींना जाऊ नका. जमीन तेव्हा पाणी पिऊन टाकते आणि डबकी टिकत नाहीत. चार-सहा दिवस सलग पाऊस होऊन टाक्या आणि डबकी भरली की मग निघा.

शनिवार-रविवार टाळा. धबधब्यापाशी त्या दोन दिवसांत गाड्यांची एवढी रांग लागते की घाट चढण्यातच संध्याकाळ जाते. मंगळवार ते गुरुवार उत्तम. आणि किमान तीन रात्री हाताशी ठेवा, कारण एखादी रात्र असा पाऊस कोसळतो की स्वतःचा हात दिसत नाही.

२. पोचणं, राहणं आणि परवानगी

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यात, साधारण ६९० मीटर उंचीवर आहे. कोकण रेल्वेने सावंतवाडी स्थानकावर उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा करता येते. कोल्हापूरकडून येणारे आजऱ्यावरून येतात.

राहण्याची जागा ठरवताना फोनवर खोलीचे फोटो मागू नका. "तुमच्या आवारात उघडी टाकी, विहीर किंवा तळं आहे का? त्यावर झाड आहे का?" एवढं विचारा. समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, पण खरं उत्तर देतो. शक्य असेल तर गावातलाच एखादा जाणकार वाटाड्या रात्रीसाठी घ्या. कुठली पायवाट धुपलीय आणि कुठल्या बांधावर साप बसतो, हे त्यालाच ठाऊक असतं.

राखीव जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरायचं नाही. वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात दिवसाउजेडी जाऊन विचारा. खाजगी आवारात मालकाला सांगितल्याशिवाय टॉर्च घेऊन फिरू नका. रात्री दोन वाजता परसात उजेड हलताना दिसला तर कुणीही काठी घेऊनच बाहेर येईल.

बरोबर असू द्या:

- आधारकार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, आणि त्याची प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली प्रत
- वनखात्याची परवानगी घेतली असेल तर तिचा कागद
- गुडघ्यापर्यंतचे गमबूट
- दोन टॉर्च. त्यातल्या एकीचा उजेड कमी-जास्त करता येणारा
- लाल जिलेटिन कागदाचा तुकडा आणि रबरबँड
- रेनकोट, शिवाय एक मोठी काळी छत्री
- पेन्सिल आणि वही (पेनाची शाई पसरते)
- छोटी दुर्बीण
- कोरडा पंचा, जास्तीचे मोजे

छत्रीला हसू नका. रेनकोटाच्या टोपीवर पाऊस वाजायला लागला की बेडकाचा आवाज ऐकूच येत नाही. छत्री थोडी दूर धरली की कान मोकळे राहतात.

न्यायच्या नाहीत अशाही दोन गोष्टी आहेत, आणि त्या जवळपास प्रत्येक नवखा आणतो. पहिली, डास पळवणारं मलम. दुसरी, जळवांसाठी हातापायाला चोळलेलं मीठ किंवा तंबाखू. बेडकाची कातडी ओलसर आणि झिरपणारी असते. तिच्यातून तो पाणी घेतो, काही प्रमाणात श्वासही घेतो. तुमच्या हाताला लागलेलं औषध पानावर आणि पानावरून त्याच्या अंगात जातं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यात खोचा. जळू लागलीच तर नखाने तिचं तोंड बाजूला सरकवून काढा. थोडं रक्त जाईल. जाऊ दे.

३. दिवसा पाणी हेरा

बहुतेकांची चूक होते ती इथे. आंबोलीत पाणी सगळीकडे आहे, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खळाळतं पाणी या बेडकाच्या कामाचं नाही. अंडी फेसात असतात, त्यातून खाली पडलेले बेडूकमासे ओढ्यात वाहून जातील. त्याला लागतं साचलेलं, काही आठवडे टिकणारं पाणी, आणि त्या पाण्यावर झुकलेली फांदी. दोन्ही एकाच ठिकाणी हवं.

म्हणून सकाळी नऊच्या सुमाराला निघा आणि गावातून चाला, जंगलातून नाही. परसातल्या सिमेंटच्या टाक्या बघा, न वापरलेल्या विहिरी, रस्त्याकडेचे खड्डे, चिरे काढून सोडलेल्या खाणी, देवळाजवळची तळी बघा. प्रत्येक पाण्यापाशी थांबून आधी वर बघा. पाण्यावर एक ते चार मीटर उंचीवर फांद्या आहेत का? त्यांना जाड, रुंद पानं आहेत का? असतील तर एकेक पान नजरेखालून घाला. दोन-तीन पानं एकमेकांना चिकटून पुडी बांधल्यासारखी दिसली आणि फटीतून पांढरा किंवा पिवळसर फेस डोकावत असला, तर घरटं सापडलं. पाण्यात बघायला विसरू नका. खाली बेडूकमासे फिरत असतील तर बेडूक आधीच येऊन गेलेत आणि पुन्हा येण्याची शक्यता चांगली आहे.

दिवसा प्रत्यक्ष बेडूक दिसणं अवघड. तो पाय पोटाशी घेऊन, लाल पडदे पूर्ण मिटून, पानाला चिकटून झोपतो. वरून दिसतो तो फक्त हिरवा उंचवटा. मी एकदा त्याला कच्चा पेरू समजले होते.

सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जाणार असाल तर इथेच एक सांगून ठेवते. पहिल्या पावसानंतर जांभ्या दगडाच्या सड्यावर बोटभर खोलीची डबकी साचतात. गाडी फिरवायला किंवा फोटोसाठी लोक त्यांतून सरळ जातात. त्याच उथळ पाण्यात आंबोली टोड हा वेगळ्या जातीचा बेडूक अंडी घालतो. २००९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. डबक्याला वळसा घाला.

हेरलेल्या जागांतल्या दोन किंवा तीन निवडा. अंतर, घसरडी वाट, मालकाचं नाव, सगळं वहीत लिहा. रात्री तीच जागा ओळखू येत नाही.

४. रात्री कान आधी, टॉर्च नंतर

साडेसात-आठला जागेवर पोचा, टॉर्च बंद करा आणि दहा मिनिटं नुसतं ऐका. सुरुवातीला सगळा एकच गोंगाट वाटतो. मग आवाज सुटे व्हायला लागतात. झुडपातून टाइपरायटरसारखी सलग टकटक येत असेल तर तो झुडपातला चिमुकला बुश फ्रॉग, आकाराने अंगठ्याएवढा. शेतातून भरदार 'डराँव' येतो तो मोठा सोनबेडूक. आपला उडता बेडूक त्यांच्या मानाने मवाळ. एक तुटक 'टक्', मग बारीक 'टर्रर्र, टर्रर्र', जणू कुणीतरी लाकडी फणीच्या दातांवरून नख फिरवतंय. आवाज वरून येतो, पाण्यातून नाही. कान वर ठेवा.

टॉर्च कपाळाला बांधून सतत चालू ठेवू नका. पावसाळी रात्री पाचव्या मिनिटाला नाकातोंडात किडे जातात. हातात धरा, कमी उजेडावर ठेवा, फांदीच्या बुंध्याकडून टोकाकडे सावकाश न्या. बेडूक दिसला की उजेड त्याच्यावरून बाजूला घ्या आणि जिलेटिनचा लाल कागद लावा. डोळ्यांत थेट प्रखर झोत पडला की नर ओरडायचा थांबतो, आणि नर थांबला की तुमचा कार्यक्रमही आटोपला.

फांदीला हात लावण्याआधी ती पूर्ण तपासा. बेडूक जिथे जमतात तिथे मलबारी चापडा हा साप येतोच. तो हिरवा असतो, तपकिरी असतो, शेवाळी ठिपक्यांचाही असतो. तासन् तास हलत नाही आणि विषारी आहे. खरं तर फांदीला हात लावायचं कारणच नाही.

५. घरटं बांधताना

समजा नशीब जोरावर आहे आणि मादी उतरली. मी पाहिलेली जोडी रात्री अकराच्या पुढे टाकीवरच्या फांदीला आली. मादीच्या पाठीवर नर, त्याने तिला काखेतून घट्ट धरलेलं. जवळच आणखी एक नर, आशेवर. मादी सावकाश, एकेक पाय टाकत, फांदीच्या अगदी टोकाकडे सरकली. खाली पाणी आहे याची जणू खात्री करून घेत होती.

मग ती थांबली आणि तिचे मागचे पाय हलायला लागले. आधी मला वाटलं ती अंग खाजवतेय. पण पाय एका लयीत आत-बाहेर, आत-बाहेर होत होते. तिच्या शरीरातून येणारा चिकट द्राव ती पायांनी घुसळत होती. ताक घुसळताना लोणी यायच्या आधी जसे बुडबुडे जमतात तसा फेस तिच्या मागे वाढत गेला. लिंबाएवढा, मग संत्र्याएवढा. घुसळायचं, थांबायचं, पुन्हा घुसळायचं. त्या थांब्यांमध्ये अंडी पडत होती आणि वरचा नर ती फलित करत होता. अंडी पांढरट असतात. उन्हापासून लपलेली असल्याने त्यांना काळ्या रंगाची गरजच नसते. पुढे तिने मागच्या पायाने शेजारचं पान ओढून फेसावर दाबलं. ते निसटलं, तिने परत ओढलं. तिसऱ्यांदा ते चिकटलं. मग दुसऱ्या बाजूचं.

सगळं आटोपायला अडीच तास लागले. मी छत्रीखाली एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी होते.

फेसाचा बाहेरचा थर हवा लागून चिवट होतो आणि आतला भाग ओला राहतो. वर पानांचं आवरण. पाऊस दोन दिवस थांबला तरी आतली अंडी वाळत नाहीत, आणि पाण्यातले किडे, मासे तिथवर पोचत नाहीत. पाण्यावर अधांतरी बांधलेलं हे स्वतंत्र डबकंच म्हणा.

या वेळेत तुम्ही काय करायचं? काहीही नाही. चार-पाच फूट लांब उभं राहायचं. फ्लॅश मारायचाच असेल तर सुरुवातीला दोन-तीन फोटो घेऊन कॅमेरा पिशवीत टाका.

इथे एक राग काढून घेते. एका वर्षी हौशी फोटोवाल्यांच्या एका गटाने नर पकडला, 'चांगल्या' फांदीवर ठेवला, आणि तो झेप घेत नाही म्हणून चक्क हवेत भिरकावला. चार वेळा. बेडूक हाताळू नका, कुणाला हाताळू देऊ नका. आणि वाटाड्या म्हणून आलेला कुणी "हातात धरून दाखवतो" म्हणाला तर तिथल्या तिथे नको म्हणा. पैसे देणारे तुम्ही आहात, तुमचं तो ऐकतो.

६. फेस दिसला की लगेच नाचू नका

पावसाळ्यात फेस बऱ्याच गोष्टींचा असतो. गवताच्या काडीवर थुंकीसारखा वाटाण्याएवढा फेस दिसला तर त्यात रस शोषणाऱ्या किड्याचं पिल्लू लपलेलं असतं. ओढ्यात दगडाला अडलेला फेस नुसता पाण्याचा. खरी फसगत करतो तो आपला नेहमीचा झाडबेडूक, पॉलिपिडेट्स मॅक्युलॅटस. तपकिरी, न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसणारा. तोही फेसाचं घरटं करतो, पण बरेचदा टाकीच्या भिंतीवर किंवा काठावर उघडंच चिकटवतो. पानांत गुंडाळलेलं असेल तर उडत्या बेडकाचं असण्याची शक्यता जास्त. तरी पानं हाताशी नसतील तिथे उडता बेडूकही उघडं घरटं करतो. म्हणून बेडूक स्वतः दिसल्याशिवाय वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

घरटं उघडून बघायचा मोह होतो. मी पहिल्या वर्षी केला. पानाची कड काडीने जरा उचलली. दुसऱ्या दिवशी त्या फटीतून मुंग्यांची रांग आत जात होती. त्यानंतर नाही.

फांदी कापून 'सुरक्षित ठिकाणी' हलवणारेही असतात. ती फांदी तिथे आहे ती खालच्या पाण्यासाठी. हलवली की पिल्लं जमिनीवर पडणार.

७. आठवड्याने परत

जमत असेल तर आठवडाभराने पुन्हा या, नाहीतर घरमालकांना फोनवर विचारत राहा. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण तेवढा काळ लागतो. तोवर फेस पिवळट, चामट झालेला असतो. मग एखादी जोराची सर येते, फेस सैल होऊन ओघळतो आणि बेडूकमासे एकेक करून पाण्यात टपकतात. टप्. टप्. पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात. पावसाच्या थेंबाचं वर्तुळ आणि पिल्लाचं वर्तुळ यांतला फरक कळायला मला बराच वेळ लागला: पिल्लू पडल्यावर वर्तुळाच्या मध्यापासून एक काळपट रेघ निघून तळाकडे जाते.

पुढचे काही आठवडे ती पाण्यातच वाढतात. चतुराच्या अळ्या आणि पाणकिडे त्यांतली बरीच खातात. उरलेल्यांना पाय फुटतात, आणि शेपटीचा खुंट अजून अंगाला असतानाच ती काठावर चढतात. ऑगस्टच्या शेवटी गेलात तर टाकीच्या कडेला, अळूच्या पानांवर, नखाएवढे बेडूक बसलेले दिसतील. पाऊल टाकण्याआधी खाली बघा.

८. नोंद करताना

तारीख, वेळ, पाऊस होता की उघडीप, पाण्यापासून घरट्याची उंची, झाड कुठलं. एवढं लिहिलं तरी पुष्कळ. आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, ओळख पटवायला फोटोपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाकता येते. जाणकार ओळख तपासून देतात. नेमकं ठिकाण मात्र झाकून ठेवायचा पर्याय निवडा. कुणाच्या परसातली टाकी जगजाहीर झाली तर पुढच्या जुलैत तिथे वीस माणसं उभी असतील.

परतल्यावर गमबूट ब्रशने घासा आणि कडक वाळवा. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी चिखलातून आणि ओल्या सामानातून एका पाण्यातून दुसऱ्यात जाते. तिची नोंद पश्चिम घाटातही झालेली आहे. आंबोलीहून थेट दुसऱ्या घाटात जाणार असाल तर हे आधी.

९. टाकी ज्यांची, त्यांच्यासाठी

आंबोली-चौकुळ भागात राहणाऱ्यांनी किंवा नवी जागा घेतलेल्यांनी हे वाचलं तर चांगलं. टाकीवर फेस दिसला तर ती सप्टेंबरअखेरपर्यंत उपसू नका. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर त्यात टाकू नका; पिण्याचं पाणी वेगळं साठवत असाल तर तशी गरजही पडत नाही. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर दुसऱ्या टाकीत सोडा, ते अंडी आणि कोवळी पिल्लं खातात. इतर जातींचे बेडूकही पडतात आणि सगळ्यांना गुळगुळीत भिंत चढता येत नाही, म्हणून एक खडबडीत लाकूड तिरकं टेकवून ठेवा.

काकूंनी मागच्या वर्षी पेरूची फांदी छाटायला माणूस बोलावला होता. मी योगायोगाने तिथेच होते. काही बोलणार एवढ्यात त्यांनीच त्याला ओरडून सांगितलं, टाकीकडची सोडून बाकीची तोड.